अर्ध्या हळकुंडाची सुशी

मासा या विषयात मला कुणी शिकवू नये, असं माझं मालवणात जन्मल्यापासूनचं मत. कल्ला उचलून बघितल्याशिवाय मी बांगडा घेत नाही. मी लांबून दिसले की आमची कोळीण शेजारणीला म्हणते, "इली बघ परीक्षा घेवक." तेव्हा तोक्योला भाचीकडे तीन आठवडे गेले ती सुशी खायला नव्हे, तपासायलाच.

भाची निशी-कासाईत राहते. तिथे भारतीयांची वस्ती एवढी की कढीपत्त्याची चिंता नाही. चिंता होती ती माझी.

पहिल्या दिवशी तिने मला फिरत्या पट्ट्याच्या दुकानात नेलं. ही युक्ती योशिआकी शिराइशी नावाच्या गृहस्थांची. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या बघून त्यांना ती सुचली आणि १९५८ साली त्यांनी ओसाकाजवळ तसं दुकान काढलं. समोरून जाणारी बशी उचलायची, शेवटी रिकाम्या बशा मोजून पैसे द्यायचे. मी एक बशी उचलली, नाकाशी नेली, मन भरेना म्हणून परत पट्ट्यावर ठेवली. दुसरी उचलली. तीही ठेवली. बाजारात आपण दुसरं काय करतो? भाची उठून पट्ट्याच्या कडेने धावली, दोन्ही बशा चार टेबलांपलीकडून पकडून आणल्या आणि वाटेतल्या प्रत्येक टेबलापुढे कमरेत वाकली. त्या दोन्ही बशा मी निमूट संपवल्या. मासा ताजा होता, हे मान्य करायला हवं.

"उद्या छोट्या दुकानात जाऊ," ती म्हणाली. "जिथे बशी तुझ्या हातात कमी येईल."

पण चांगलं दुकान ओळखायचं कसं? तिच्या जपानी शेजारणीने सांगितलं, की दार उघडल्यावर माशाचा वास येता कामा नये. आलाच तर शिरक्याचा यावा. माझ्या नाकाला अखेर सन्मानाचं काम मिळालं. दुसऱ्या दिवशी धरलेल्या मानेला आणि दोन्ही गुडघ्यांना सढळ हाताने बाम चोपडून मी मोहिमेवर निघाले. पहिल्या दुकानाच्या दाराशी हुंगलं, नापास केलं. दुसरंही नापास. दोन्हीकडे मला एक उग्र, नाकात झोंबणारा वास आला. तिसऱ्या दाराच्या फटीला मी नाक लावते न लावते तोच दार सरकलं आणि माझं नाक थेट एका पांढऱ्या अंगरख्यासमोर आलं. अंगरख्याच्या वर सत्तरीचा, अत्यंत सभ्य चेहरा. "इराश्शाइमासे," चेहरा म्हणाला. या, असं म्हटल्यावर परत फिरणार कसं? शिवाय नाक अजून आतच होतं.

आत जेमतेम आठ स्टुलं. मी बसले आणि शेजारचे गृहस्थ एक स्टूल पलीकडे सरकले. बाईमाणसाला जागा करून देतात, म्हणून मी मनोमन जपानचं कौतुक केलं.

आदल्या रात्री भाचीच्या कपाटातल्या पुस्तकातून मी सुशीवाल्यांची भाषा घोकली होती. सोयासॉसला मुरासाकी म्हणजे जांभळं, चहाला आगारी. दोन्ही मी ठणकावून मागितलं. ताइशो, म्हणजे आमचे मालक, क्षणभर थांबले. भाची पुटपुटली, "मावशी, ती त्यांची आपसातली बोली आहे." सराफाच्या पेढीवर बसून गिऱ्हाइकानेच दलालांच्या खुणेच्या भाषेत बोलू लागावं, तसं झालं होतं म्हणे.

मग पहिला निगिरी आला. भाताचा लांबट घास, वर माशाची चकती. हाताने खाल्लेलं चालतं, ही जुनीच रीत, हे ऐकून मला माहेर भेटलं. मी घास उचलला आणि भाताच्या बाजूने सोयात बुचकळला. भात सोया प्याला, फुगला आणि बशीत कोसळला. आता अन्न टाकायचं कसं? मी तो चार बोटांनी व्यवस्थित कालवला.

ताइशोंची सुरी थांबली. त्यांनी दुसरा घास करून, आडवा करून, फक्त माशाचं टोक सोयाला टेकवून दाखवलं. लहान मुलाला मोजा घालायला शिकवावा तितक्या मायेने.

त्यानंतर कोहादा आला. तारलीच्या भावकीतला, चकचकीत पाठीचा, मीठ आणि शिरक्यात मुरवलेला लहान मासा. वाढत जाईल तशी त्याची नावं बदलतात: शिंको, कोहादा, नाकाझुमी, कोनोशिरो. किती मीठ, किती वेळ, हे त्या दिवशीच्या माशावर. म्हणून कारागिराची परीक्षा त्यात होते. परीक्षा शब्द ऐकून मी ताठ बसले, खाल्ला आणि खरंच गप्प झाले. पण गप्प राहणं स्वभावात नाही. म्हटलं, "मासा उत्तम, पण भात गार झालाय. जरा गरम करून मिळेल का, विचार ना."

भाचीने भाषांतर करायला साफ नकार दिला. मी खुणा केल्या. त्या त्यांना समजल्या.

सुशी म्हणजे मासा नव्हेच, ते म्हणाले. सुशी म्हणजे शिरक्याचा भात. लाकडी परातीत तो उलथन्याने कापल्यासारखा मोकळा करायचा, पंख्याने वारा घालायचा आणि अंगाइतका कोमट ठेवायचा. पूर्वी मासा भातात महिनोन्महिने आंबवायचे आणि भात फेकून मासा तेवढा खायचे. बिवा सरोवराकाठी तशी फुनाझुशी अजून होते. पुढे भात आंबवायची वाट न बघता त्यात शिरकाच घालू लागले, आणि १८२०च्या दशकात एदोत, म्हणजे जुन्या तोक्योत, हानाया योहेईने हाताने वळून लगेच खायला देण्याच्या सुशीचं नाव गाजवलं. तेव्हा ती रस्त्यावरची खादाडी होती आणि घास आजच्या दुप्पट-तिप्पट. "मासा मी तोयोसूच्या बाजारातून आणतो," ताइशो म्हणाले. "भात मी करतो. भात कसा वाटला?"

जन्मभर दोन वेळा भात खाणारी मी! तासभर मासे तपासले आणि भाताकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. काही तर कालवून बशीत सोडला होता. या भाताला ते शारी म्हणतात. बुद्धाच्या पवित्र अस्थींना जपानीत शारी म्हणतात, तसे पांढरे बारीक दाणे म्हणून. मूळ शब्द आपलाच, शरीर. शब्द आपला, भात आपला आणि गरम करून मागणारीही आपलीच.

लाज झाकायला मी ऐटीत बिल मागितलं, "ओआइसो!" हल्ली तिकडची माणसंही सर्रास म्हणतात, पण मुळात हा दुकानदाराचा शब्द, 'पाहुणचारात कमी पडलो, माफ करा' अशा अर्थाचा. गिऱ्हाइकाने म्हणायचं म्हणजे 'तुमच्या पाहुणचाराला कंटाळले, पैसे घ्या.' ताइशो मनापासून हसले. मला वाटतं, तासाभरात मी खरं बोलले असं त्यांना तेव्हाच वाटलं.

निरोप द्यायला ते रस्त्यापर्यंत आले, वाकले. आम्ही वळणाशी पोचलो तरी दुकानाचं दार सताड उघडं, आणि ते शेजारचे गृहस्थ दारात उभं राहून खोल श्वास घेत होते.

"बघ, किती अगत्य," मी म्हटलं. "अजून दार लावलं नाही."

"मावशी," भाची म्हणाली, "बामाचा वास जायला वेळ लागतो."