संघबदल आणि सतरंजी

बेसबॉल या अमेरिकी खेळाच्या व्यवहारात ‘फ्री एजन्सी’ नावाची एक व्यवस्था आहे. वरच्या स्तरावर सहा वर्षांची सेवा झालेला आणि करार संपलेला खेळाडू आपला संघ सोडून हव्या त्या संघाकडे जाण्यास मोकळा होतो आणि जुन्या गावाशी असलेले त्याचे सर्व देणेघेणे कायद्याच्या दृष्टीने तेथेच संपते, असा तिचा अर्थ आहे. ही मोकळीक सुखासुखी मिळालेली नाही. करार संपल्यानंतरही खेळाडूवरचा हक्क मालकाकडेच ठेवणारे ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाचे कलम तेथे अनेक दशके लागू होते. सेंट लुईसच्या कर्ट फ्लड या खेळाडूने १९६९ मध्ये आपली फिलाडेल्फियाला झालेली परस्पर रवानगी नाकारून १९७० मध्ये त्याविरुद्ध न्यायालय गाठले, १९७२ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध तीन मतांनी हरला, आणि पुढे डिसेंबर १९७५ मध्ये पीटर सेट्झ या लवादाने मेसरस्मिथ व मॅकनॅली या दोन चेंडूफेक्यांच्या बाजूने निकाल दिला तेव्हा कुठे ते कलम मोडले. नांदेड जिल्ह्यातील भोकरच्या वाचकाला या इतिहासाशी आपला काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि स्टार खेळाडूने संघ बदलल्यावर चाहत्यांचे काय होते, या प्रश्नाचा अभ्यास ज्याला मुळापासून करावयाचा असेल, त्याला न्यूयॉर्कपेक्षा भोकरचाच रस्ता धरावा लागेल.

भारतीय राजकारणातील रिझर्व्ह क्लॉज म्हणजे पक्षांतरबंदी कायदा होय. १९६७ मध्ये हरियाणातील गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलून ‘आयाराम गयाराम’ हा वाक्प्रचार देशाला दिला, आणि त्यानंतर सुमारे १८ वर्षांनी, म्हणजे १९८५ मध्ये, ५२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडली जाऊन पक्ष सोडणाऱ्या लोकप्रतिनिधीचे सदस्यत्व जाण्याची तरतूद झाली. एकतृतीयांश सदस्य फुटल्यास त्याला फूट मानण्याची जी सवलत आरंभी होती, ती २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने काढून घेतली, कारण घाऊक व्यवहाराला मुभा आणि किरकोळ व्यवहाराला बंदी हे व्यापाराच्या कोणत्याच तत्त्वात बसत नव्हते. दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाची सोय मात्र राहिली, यावरून घाऊकचे प्रमाण तेवढे वाढविले, असेही म्हणता येते. एकट्या खेळाडूसाठी कायद्याने एकच स्वच्छ दार ठेवले आहे, ते म्हणजे आमदारकीचा राजीनामा. तो दिला की करार संपतो आणि खेळाडू मोकळा होतो. सहा वर्षांच्या सेवेची अट येथे नाही.

भोकरचे तत्कालीन आमदार अशोक चव्हाण यांनी या दाराचा उपयोग १२ फेब्रुवारी २०२४ रोजी केला. आमदारकीचा व काँग्रेसचा राजीनामा देऊन त्यांनी पुढील दिशा एक-दोन दिवसांत ठरवू असे सांगितले, १३ फेब्रुवारीला मुंबईत भारतीय जनता पक्षात प्रवेश केला, १४ फेब्रुवारीला त्यांना राज्यसभेची उमेदवारी जाहीर झाली आणि २० फेब्रुवारीला ते बिनविरोध निवडूनही आले. अमेरिकेत स्टार खेळाडूच्या वाटाघाटी संपूर्ण हिवाळाभर चालतात आणि वार्ताहरांना विमानतळांवर पाळत ठेवावी लागते, हे लक्षात घेता भोकरची कार्यक्षमता उठून दिसते. येथे केवळ साधा संघनायक गेलेला नव्हता. २००८ ते २०१० या काळात मुख्यमंत्री, पुढे प्रदेशाध्यक्ष, २०१९ मध्ये भोकरमधून ९७ हजारांहून अधिक मतांनी विजयी, आणि वडील शंकरराव चव्हाण हे दोनदा मुख्यमंत्री व देशाचे गृहमंत्री राहिलेले, असा हा खेळाडू होता. किंबहुना नांदेडमध्ये संघ कोणता आणि खेळाडू कोणता, हे निराळे करून सांगणे अनेकांना पन्नास वर्षांत जमले नव्हते. नव्या संघात दाखल होताना पत्रकार परिषदेत त्यांनी मुंबई भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष आशिष शेलार यांचा उल्लेख मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष असा केला आणि व्यासपीठावर हशा पिकला. जीभ हा अवयव दहाव्या अनुसूचीच्या कक्षेत येत नसल्यामुळे या उल्लेखाने कोणताही कायदेशीर पेच निर्माण झाला नाही.

आता चाहत्यांकडे वळता येईल. बेसबॉलचा चाहता अशा प्रसंगी काय करतो, याची नोंद विपुल आहे. अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ हा सिएटल सोडून १० वर्षांच्या २५ कोटी २० लाख डॉलरच्या करारावर टेक्सासला गेला आणि एप्रिल २००१ मध्ये पाहुण्या संघाकडून सिएटलला खेळायला आला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याच्यावर खोट्या नोटा उधळल्या. हुआन सोटो याने डिसेंबर २०२४ मध्ये यांकीज सोडून त्याच शहरातील मेट्स संघाशी १५ वर्षांचा ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला आणि पुढच्या मे महिन्यात तो जुन्या मैदानावर उतरला, तेव्हा त्याला हुर्यो ऐकावी लागली. भारतातही, आयपीएलमध्ये हार्दिक पंड्या गुजरातमधून मुंबईत परतून रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला, तेव्हा १ एप्रिल २०२४ रोजी वानखेडे मैदानावर खुद्द यजमान प्रेक्षकांनीच त्याची इतकी हुर्यो उडविली की नाणेफेकीच्या वेळी समालोचक संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागण्याची सूचना करावी लागली. या सर्व प्रसंगांत चाहत्याची निष्ठा, म्हणजे स्वतःचा काहीही लाभ नसताना दुसऱ्याच्या जयपराजयाने झोप उडवून घेण्याची वृत्ती, प्रामुख्याने सदऱ्याशी बांधलेली असते. वानखेडेवर ती एका माणसाशीही बांधलेली होती, म्हणून तेथील गोंधळ अधिक होता.

भोकरमध्ये हा प्रश्न फार पूर्वीच सुटलेला आहे. येथील चाहता, ज्याला स्थानिक परिभाषेत कार्यकर्ता म्हणतात, तो खेळाडू कायम ठेवतो आणि सदरा बदलतो. सदऱ्याचे काम येथे उपरणे करते. ते गळ्यात पडण्यास काही सेकंद लागतात आणि त्याला मापही लागत नाही, त्यामुळे पक्षांतराचा वस्त्रखर्च नगण्य राहतो. ‘साहेब जिथं, आम्ही तिथं’ हे या चाहत्याचे एकमेव घोषित तत्त्वज्ञान असून, त्यात ‘तिथं’ या जागी कोणतेही चिन्ह बसू शकते. जाहिरात फलकांची अडचण थोडी मोठी असते, कारण फलकावरील नेत्याचे छायाचित्र तेच राहिले तरी वरच्या पट्टीतील दिल्लीचे चेहरे बदलावे लागतात. परंतु नेत्याचा नमस्कार करतानाचा फोटो सर्व पक्षांना चालतो, हे छपाईवाल्यांनी केव्हाच ओळखले आहे. ज्या पक्षाने ‘आदर्श’ गृहनिर्माण सोसायटी प्रकरणावरून चव्हाणांवर वर्षानुवर्षे टीकेची झोड उठविली, त्याच पक्षाच्या घोषणा आता त्याच घशातून द्यावयाच्या असतात, आणि तरीही आवाज बसल्याचे दिसत नाही. कारण विचारले असता ‘विकास’ हा एकच शब्द मिळतो. अमेरिकेत खेळाडूच्या कराराचा आकडा वृत्तपत्रांत छापून येतो. मराठवाड्यात आकड्याच्या जागी विकास छापण्याची प्रथा आहे, आणि पक्ष सोडणारा, पक्षात घेणारा व पक्षातच राहणारा हे तिघेही एकाच विकासासाठी तसे करीत असल्याने विकासाला नेमके कोणत्या दिशेने जावयाचे आहे, याचा अंदाज येत नाही.

या चाहत्यांत गुत्तेदार हा एक वेगळा वर्ग मानावा लागतो. गुत्तेदार म्हणजे सरकारी कामांचा ठेका घेणारा; तो कोणत्याही संघाचा चाहता नसतो, तो मैदानाच्या डागडुजीचा चाहता असतो, आणि म्हणूनच संघबदलाच्या काळात त्याची मनःस्थिती सर्वांत स्थिर राहते.

खरी वेदना मात्र सोडलेल्या संघाकडे शोधू नये. ती ज्या संघाला खेळाडू मिळाला त्या संघाच्या जुन्या चाहत्यांकडे असते, आणि बेसबॉलच्या अभ्यासकांना हा प्रकार बहुधा ठाऊकच नाही. तेथे स्टार आला की नव्या गावात आनंद होतो. येथे जो कार्यकर्ता चव्हाणांचा पराभव व्हावा म्हणून प्रत्येक निवडणुकीत वाडीवस्ती पायाखाली घालीत आला, तो एका सकाळी त्यांच्या स्वागताच्या कमानीखाली उभा असतो. अशा कार्यकर्त्याला निष्ठावंत म्हणतात आणि त्याच्या कार्याला सतरंज्या उचलणे म्हणतात. सभा संपल्यावर मागे राहून अंथरलेल्या सतरंज्या गुंडाळून ठेवणारा, असा त्याचा मूळ अर्थ असून, नव्याने आलेला थेट व्यासपीठावर जातो आणि जुना सतरंजीवरच राहतो, अशी त्याची तक्रार असते. ही तक्रार तो मोठ्याने करीत नाही, कारण मोठ्याने तक्रार केल्यास तोच फुटीर ठरण्याचा धोका असतो. सोडून गेलेल्यावर रागावण्याचे स्वातंत्र्य जगातील प्रत्येक चाहत्याला आहे. आलेल्यावर रागावण्याचे स्वातंत्र्य मात्र कोणत्याही पक्षाच्या घटनेत आढळत नाही.

या वेदनेचे टोक लोकसभा निवडणुकीत दिसले. २०१९ मध्ये अशोक चव्हाणांना सुमारे ४० हजार मतांनी हरविणारे प्रतापराव पाटील चिखलीकर हेच २०२४ मध्ये भाजपचे उमेदवार होते. त्यामुळे पराभूताने विजेत्यासाठी मते मागावयाची, विजेत्याच्या समर्थकांनी पराभूताचा जयजयकार करावयाचा, आणि दोघांच्याही समर्थकांनी पाच वर्षांपूर्वी परस्परांविषयी काय म्हटले होते ते विसरावयाचे, असा तिहेरी कार्यक्रम आखला गेला. तो पार पडला. परंतु ४ जूनच्या निकालात काँग्रेसचे वसंतराव चव्हाण ५९ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. (या अभ्यासातील पात्रांपैकी बहुतेकांचे आडनाव चव्हाण असल्याने परदेशी अभ्यासकांची गैरसोय होईल, त्याला इलाज नाही.) निकालानंतर स्टारची मते हस्तांतरणीय नाहीत, असा निष्कर्ष घाईने काढण्यात आला. चिखलीकरांनी पुढे अजित पवारांच्या राष्ट्रवादीत जाऊन लोह्यातून विधानसभा जिंकली, तेव्हा त्यांच्या चाहत्यांनाही उपरण्याचा रंग बदलावा लागला. शिवसेना व भाजप यांचा अनुभव गाठीशी असल्याने त्यांना सराव पुरेसा होता.

या कलेतील विक्रम मात्र अशोक चव्हाणांचे मेहुणे आणि माजी खासदार भास्करराव पाटील खतगावकर यांच्याकडे जातो. ते २०१४ मध्ये काँग्रेसमधून भाजपमध्ये गेले, २०२१ मध्ये काँग्रेसमध्ये परतले, मार्च २०२४ मध्ये पुन्हा भाजपमध्ये आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पुन्हा काँग्रेसमध्ये दाखल झाले. अशा नेत्याच्या चाहत्याला दोन्ही उपरणी धुऊन, घडी घालून तयार ठेवावी लागत असणार. भोकरच्या जुन्या मंडळींना याचे नवल वाटत नाही, कारण खुद्द शंकरराव चव्हाणांनीही मुख्यमंत्रिपद गेल्यानंतर काँग्रेसबाहेर पडून महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस काढली होती आणि १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल, सरकारात ते मंत्री होते. पुढे काँग्रेसमध्ये परतून १९८६ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्रीही झाले. ज्यांना मंत्रालयात ‘हेडमास्तर’ म्हणत, त्यांनीही एकदा शाळा बदलली होती, याचा आधार संघबदलाचे समर्थन करणाऱ्यांनी अद्याप पुरेसा घेतलेला नाही.

लोकसभेच्या निकालानंतर वसंतराव चव्हाणांचे ऑगस्ट २०२४ मध्ये निधन झाले आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेच्या मतदानाबरोबरच नांदेड लोकसभेची पोटनिवडणूकही झाली. भोकरमध्ये अशोक चव्हाणांच्या कन्या श्रीजया चव्हाण भाजपकडून ५० हजारांहून अधिक मतांनी निवडून आल्या आणि जिल्ह्यातील नऊच्या नऊ जागा महायुतीकडे गेल्या. देगलूरला २०२१ मध्ये ज्यांना निवडून आणण्यासाठी काँग्रेसचे नेते म्हणून अशोक चव्हाणांनी जिवाचे रान केले, ते जितेश अंतापूरकरही आता भाजपचे आमदार म्हणून विजयी झाले होते. यावरून नांदेडचा चाहता खेळाडूबरोबर नव्या संघात स्थलांतरित झाला, असे कोणी लिहून ठेवील, तर त्याच दिवशी, त्याच केंद्रांवर, त्याच मतदारांनी लोकसभेसाठी काँग्रेसचे रवींद्र चव्हाण यांना १,४५७ मतांनी निवडून दिले, हा आकडा आड येतो. लोकसभा मतदारसंघातील सहाही विधानसभा जागा एका आघाडीला आणि खासदार दुसऱ्या आघाडीला, अशी ही वाटणी आहे. म्हणजे काही हजार लोकांनी एका खोलीत शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांवर दोन निरनिराळ्या संघांची बटणे दाबली आणि बोटाला एकदाच शाई लावून ते शेतात परतले. त्यांनी राजीनामा दिला नाही, पत्रकार परिषद घेतली नाही, विकासाचे कारण सांगितले नाही, आणि त्यांच्या गळ्यात उपरणे घालण्याची संधीही कोणाला मिळाली नाही. निकालानंतर दोन्ही पक्षांनी आपापल्या बैठकांत हे मतदार नेमके कोण, याचा कसून शोध चालविला. एकाने त्यांना निष्ठावंत म्हटले, दुसऱ्याने गद्दार, आणि गुत्तेदारांनी दोन्ही विजेत्यांच्या अभिनंदनाचे फलक एकाच छापखान्यात एकाच दिवशी छापून घेतले.