गोरोबाकाकांचं थापटणं

यंत्राला अक्कल आहे की नाही, हे ठरवायची परीक्षा ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञानं १९५० साली काढली, असं जग धरून चाललंय. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला कुणी विचारलंच नाही. तिथल्या गोरोबाकाकांनी, म्हणजे संत गोरा कुंभारांनी, ७०० वर्षांपूर्वी परीक्षा घेतली, आणि तीही संतांची!

कथा ठाऊकच आहे. मुक्ताबाई म्हणाली, काका, या जमलेल्या संतांतलं कच्चं मडकं कोणतं ते बघा. काकांनी मडकी ठोकायचं थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यात हाणत सुटले. भाजलेलं मडकं खणखणतं, कच्चं बद्द वाजतं. सगळे मुकाट बसले, नामदेव तेवढे कळवळले. निकाल लागला : नामदेव कच्चे.

ट्युरिंगसाहेबांची रीत सोवळ्यातली. लांबून, लिहून प्रश्न विचारायचे. पलीकडे माणूस आहे की यंत्र हे ओळखू आलं नाही, की यंत्र पास. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी जीपीटी-४.५ या बोलक्या यंत्राला या परीक्षेला बसवलं. माणसाचं सोंग वठव, असं आधी बजावलं होतं. ७३ टक्के वेळा परीक्षकांनी त्यालाच माणूस ठरवलं. म्हणजे तितक्या वेळा खराखुरा माणूस नापास!

त्याआधी २०२२ मध्ये गूगलचा एक इंजिनिअर, ब्लेक लेमॉइन, आमच्या यंत्राला मन आहे म्हणून सांगत सुटला. नोकरी गेली ती इंजिनिअरची. यंत्र कामावर हजर.

आता असं एखादं यंत्र तेरला आणा आणि काकांपुढे बसवा. पहिला टोला : ‘फार छान प्रश्न विचारलात, गोरोबाकाका!’ दुसरा टोला : ‘माझं चुकलं, क्षमस्व.’ तिसरा टोला : ‘तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे.’ ना राग, ना लोभ. अशी नम्रता भल्याभल्या संतांना साधली नसेल. मडकं पक्कं!

घोळ आहे तो इथेच. संत गप्प बसले, कारण त्यांनी ‘मी’ जाळून टाकला होता. यंत्र कळवळत नाही, कारण जाळायला आत काही असल्याचा पुरावाच नाही. बाहेरून आवाज मात्र एकच. थापटणं असो की ट्युरिंगची प्रश्नावली, दोन्ही आवाजावरच निकाल देणार.

आणि ज्यांना कच्चं ठरवलं, त्या नामदेवांना ते लागलं. थेट विठ्ठलाकडे तक्रार नेली, तिथून औंढ्याला विसोबा खेचरांच्या पायाशी गेले आणि माणूस पार बदलून गेला. तुमच्या मोबाईलमधल्या पंडिताला आज कच्चा म्हणा. माफी मागेल आणि उद्या तीच थाप नव्या जोमानं मारेल. माझ्या हिशेबी तो नापास. नामदेवांसारखा कळवळला, तर पेपर पुन्हा तपासू.

तोवर सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅकला काय फवारायचं आणि किती, हे त्यानं कितीही गोड बोलून सांगितलं, तरी एकदा तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या. डोस चुकला तर पीक तुमचं जाईल. क्षमस्व म्हणायला तो आहेच.