दाखल नोंदवही नसलेले ग्रंथालय

मजकूर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता हा ग्रंथालयाचाच एक उपप्रकार मानावा. फरक इतकाच की या ग्रंथालयात ग्रंथ नाहीत. वर्गणी मात्र आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात व त्या मानाने अनुदान. या नव्या ग्रंथालयाने अजून मान्यतेसाठी अर्ज केलेला नाही. केला असता, तर तपासणीला आलेल्या साहेबांनी चहा यायच्या आत दाखल नोंदवही मागितली असती.

दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला क्रमांक असतो. ते विकत घेतले की देणगीत आले, कोणाकडून, कितीला, हे त्यापुढे लिहिलेले असते. पुस्तकाला वाळवी लागली तरी नोंद खोडता येत नाही. बाद करायचे तर कार्यकारिणीचा ठराव लागतो. यंत्राच्या पोटात कोणाचे काय गेले, हे विचारले की ते व्यापारी गुपित असल्याचे उत्तर येते. नागपूरच्या सीताबर्डीतल्या एखाद्या वाचनालयाने तपासणीत हे उत्तर देऊन पाहावे.

ग्रंथखरेदीची पद्धतही सुटसुटीत आहे. यंत्राचे दूत इंटरनेटवर दारोदार फिरतात आणि दिसेल त्याची प्रत काढतात. त्यांना अडवायला १९९४ पासून ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची चिठ्ठी आहे. ‘येथे लघवी करू नये’ या पाटीला नागपूरच्या भिंतींवर जितका मान आहे, साधारण तितकाच तिला. पाळणे सर्वस्वी येणाऱ्याच्या सभ्यतेवर. ओपनएआय कंपनीने आपल्या दूताचे नाव ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केले आणि नको असल्यास दार लावून घ्या, असे कळवले. तिचे जीपीटी-४ हे यंत्र त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बाजारात आले होते. म्हणजे कुलपाची सूचना मिळाली, पण कपाटे आवरून झाल्यावर.

संदर्भसेवेचा विचार करताना ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर आठवणे नागपुरात तरी अपरिहार्य आहे. महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी नागपूरची. कोश व्हायचा, तर भागधारक आणि वर्गणीदार गोळा करणे आले. तेही केतकरांनीच केले. तेवीस खंड झाले, आणि त्यांतला बाविसावा केवळ सूचीचा. माहिती दिली म्हणजे ती कुठे सापडेल हेही सांगितले पाहिजे, एवढ्यासाठी त्या माणसाने एक अख्खा खंड खर्ची घातला. यंत्राला सूचीची गरज भासत नाही. आधार विचारलाच, तर ते तत्परतेने ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, पृष्ठांक सगळे देते. त्यांपैकी काही ग्रंथ खरोखर छापलेलेही असतात.

मे २०२५ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ या वृत्तपत्राच्या पुरवणीत सुट्टीत वाचण्याजोग्या पंधरा पुस्तकांची यादी आली होती. लेखक सगळे खरे होते. पुस्तके दहा खोटी निघाली. यादी यंत्राकडून करून घेतली होती आणि मधल्या कोणीही ती पडताळली नव्हती. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या १९३१ च्या पंचसूत्रीत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे सूत्र आहे. पुस्तक अस्तित्वात असावे, ही अट त्यांनी वेगळी लिहिली नव्हती. वाचकाचा वेळ वाचवा, हे चौथे सूत्र मात्र यंत्र निष्ठेने पाळते. वाचलेला तो वेळ पुढे ग्रंथपालाच्या खात्यावर खर्ची पडतो: तालिका उघडायची, लेखकाच्या नावाखाली शोधायचे, प्रकाशकाची सूची चाळायची, दुसऱ्या वाचनालयाला फोन लावायचा आणि मग देवघेवीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या वाचकाला सांगायचे की असे पुस्तक निघालेलेच नाही. वाचकाला ते पटत नाही. ‘मोबाइलवर तं दाखवून राहिलं ना सर, मंग तुमच्याकडे कसं नाही?’ असे म्हणून तो तक्रारवही मागतो. ती ग्रंथालयात असते, आणि तिची पाने क्रमांकित असतात.