मुठेच्या गाळातील वतनदारांस कौलासाठी अर्ज

सकलगुणालंकरण, अखंडितलक्ष्मीअलंकृत, राजमान्य राजश्री समस्त जिवाणू मंडळी, मुक्काम मुठा नदीचा गाळ, लकडी पुलाचे खालचे अंग, कसबे पुणे, यांसी नदीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या एका सेवानिवृत्त नक्कल-कारकुनाचे कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, येत्या महिन्यात माझ्या हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली आहे. शल्यविशारद वयाने तरुण, परंतु हाताचे मोठे सफाईदार असल्याची ख्याती आहे, आपल्या कौशल्याविषयी त्यांनी मला एका वाक्यात निश्चिंत केले, पण जखमेत काही शिरलेच तर काय, असे मी विचारले तेव्हा ते क्षणभर खिडकीबाहेर पाहत राहिले आणि म्हणाले, "काका, ते आता आमच्या हातात पूर्वीइतकं राहिलेलं नाही." जी गोष्ट ज्याच्या हातात असेल त्याच्याच नावे अर्ज करावा, हा सरकारी चाकरीत मुरलेल्या माणसाचा पहिला धडा होय. पूर्वी फौज मुलखातून जाऊ लागली म्हणजे शहाणे पाटील फौजेच्या सरदाराला आधीच भेटून गावासाठी कौलनामा मिळवीत, की उभे पीक तुडवले जाणार नाही आणि रयतेस उपद्रव पोचणार नाही. तसा एक कौल मला आपल्याकडून हवा आहे. आणि पीक म्हणाल तर चार बोटे लांबीची एक शिवण, इतकेच.

अर्ज योग्य त्या दरबारी रुजू व्हावा म्हणून आपल्या ठावठिकाण्याची मी यथाशक्ती चौकशी केली. नचिकेत मराठे आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली मुठेच्या गाळाविषयी जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यात शहराच्या वरच्या अंगाला, जेथे नदी अद्याप नदी आहे, आणि शहराच्या पोटात, जेथे ती नदी असल्याचे केवळ पुलावरच्या पाटीवरून कळते, अशा दोन्ही ठिकाणच्या गाळातील जनुके तपासली गेली. आणि प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जनुकांचे प्रमाण शहरात तीसपटींपर्यंत वाढलेले आढळले. त्यांत कार्बापेनेम वर्गातील औषधांना निष्प्रभ करणारी जनुके होती. आणि ज्या कोलिस्टिनला वैद्यमंडळी बाकीचे सारे उपाय खुंटल्यावर, रुग्णाच्या मूत्रपिंडास अपाय होण्याची धास्ती मनात बाळगून, हात घालतात, त्या कोलिस्टिनवरचा तोडगा असलेले एमसीआर-१ नावाचे जनुकही सापडले, मात्र शहरात नव्हे, वरच्या अंगाच्या एका नमुन्यात. ते चीनमध्ये सापडल्याची वार्ता २०१५ च्या अखेरीस जगापुढे आली होती. जगातील नवी वस्तू पुण्याला नेहमी उशिरा मिळते, ही आमची जुनी तक्रार निदान या एका बाबतीत मी मागे घेतो.

आता आपल्या दफ्तराविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा विषय. मी एकतीस वर्षे अभिलेखकक्षात नकला करीत होतो. नकलेसाठी अर्ज, अर्जावर तिकीट, मग दफ्तराचा रुमाल शोधण्याची फी, रुमाल सापडल्यास शिपायाची मर्जी, न सापडल्यास 'पुढील आठवड्यात या' असा शेरा, अशा क्रमाने एका सातबाराची नक्कल रयतेच्या हाती पडेपर्यंत कधी कधी मूळ अर्जदार पडे आणि वारस ती घेऊन जात. आपल्याकडे प्लाझ्मिड नावाचे जे कंकणाकृती लहानसे दस्तऐवज असतात, ते मुख्य गुणसूत्राच्या बाडात न शिवता सुटेच ठेवलेले. शेजाऱ्याशी नळी जोडावी, एक प्रत त्याला द्यावी, एक आपल्यापाशी राहू द्यावी, की काम संपले. शेजारी आपल्याच जातीचा असावा अशीही अट नाही. माणसाच्या आतड्यातून वाहत आलेला ई. कोलाय आणि क्लेब्सिएला यांच्यात हा व्यवहार बिनबोभाट चालतो. शिवाय एकाच दस्तऐवजात चार-पाच औषधांविरुद्धच्या सनदा एकत्र टाचलेल्या असल्यामुळे, त्यांपैकी एकाच औषधाचा मारा झाला तरी त्या एका सनदेच्या आधाराने उरलेल्या सनदाही टिकून राहतात. आणि सर्वांत हेवा वाटतो तो नकलेतील चुकीचा. माझ्या नकलेत एक काना चुकला तरी ठपका येई, आणि एकदा तर वार्षिक वेतनवाढ रोखली गेली. आपल्या नकलेतील चूक कामाची ठरली की तेच आपल्या वंशाचे वतन होते, आणि अनुकूल परिस्थितीत ई. कोलायचा वंश वीस मिनिटांत दुप्पट होत असल्यामुळे न्याहारी ते रात्रीचे जेवण एवढ्या अवधीत ते वतन कोट्यवधींत वाटले जाऊ शकते, आणि तेही भाऊबंदकीवाचून.

परंतु या सनदा आपणास वापरायला मिळाल्या कशा, याचे श्रेय सर्वस्वी आपले नाही, हे नम्रपणे नमूद करणे मला भाग आहे. मूळ हक्क पुरातन आहे, हे मान्य. मातीतील बुरशी आणि जिवाणू परस्परांवर प्रतिजैविकांची अस्त्रे आमच्या जन्मापूर्वी कोट्यवधी वर्षे चालवीत आले आहेत. पण त्या जीर्ण हक्काला चालू बाजारभाव आम्ही मिळवून दिला. पेनिसिलिनचा जनक फ्लेमिंग याने १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना स्वच्छ शब्दांत बजावले होते, की औषधाची मात्रा अपुरी दिली तर जिवाणू तिला सरावतात. नऊ वर्षांनी, १९५४ साली, आमच्या शेजारी पिंपरीला, जिची पवना पुढे दापोडीजवळ मुळेला आणि मुळा पुढे आपल्या मुठेला मिळते, हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. पेनिसिलिन स्वदेशात होणार म्हणून त्या काळी जो आनंद झाला तो खरोखरच सात्त्विक होता, आणि त्या कुप्यांनी किती बाळंतिणी वाचवल्या याची गणती कोणी ठेवलेली नाही. चूक कुपीची नव्हती. पाच दिवसांच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी 'आता बरे वाटते' म्हणून बंद करणारा मी. साध्या पडशाला, जे विषाणूंची करणी असून ज्यावर या गोळ्यांचा काडीइतका उपयोग नाही, 'काहीतरी जोरदार द्या' म्हणून औषधाच्या दुकानात आग्रह धरणारा मी. आणि उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात साठवून दोन वर्षांनी जावयाच्या दाढदुखीवर दानशूरपणे देणारा मीच. २०१६ साली सरकारने गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेषा काढून, वैद्याच्या चिठ्ठीवाचून हे घेऊ नये, असे सुचवले. ती रेषा मी प्रथम पाहिली तेव्हा पट्टी कापण्याची खूण समजून दुकानदाराला म्हणालो, "यावरूनच अर्धी कापून द्या."

गिळलेल्या अमॉक्सिसिलिनचा निम्म्याहून अधिक भाग मूत्रावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो, हे मला अलीकडे कळले. म्हणजे मी औषधाला जे पैसे मोजले त्यांतील अर्ध्याहून अधिक वाटा, माझ्या नकळत, मोरीच्या मार्गाने नदीकडे निघाला. आणि सोबत माझ्या आतड्यात तालीम करून तयार झालेले आपले काही बांधवही. अभ्यासकांत याविषयी मतभेद आहेत, की नदीतील आपला विस्तार तेथल्या औषधाच्या अंशामुळे होतो, की केवळ आमच्या मैल्यातून आपण घडलेलेच येता. मुठेपुरते पाहिल्यास प्रक्रिया न केलेले सांडपाणीच मुख्य गुन्हेगार ठरते. त्या सांडपाण्याच्या बंदोबस्तासाठी जपानच्या साहाय्याने सुमारे ९९० कोटी रुपयांची, ११ शुद्धीकरण केंद्रांची योजना २०१६ साली मंजूर झाली. तिच्या मुदती कितीदा वाढल्या हे लिहून मी आपला वेळ घेत नाही, कारण तो सारा काळ आपण जागेवर हजर होता. शिवाय शुद्धीकरण केंद्र म्हणजे तरी काय, तर हवा खेळवलेल्या टाक्यांत आपल्याच भाऊबंदांना मैला खाण्याच्या चाकरीवर नेमणे. घाण कमी होते हे खरे, पण जनुके पूर्णतः नाहीशी होत नाहीत.

आपल्या तेलंगणातील सग्यासोयऱ्यांचे ऐश्वर्य मात्र निराळेच. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी ज्या केंद्रात शुद्ध होत असे, तेथून बाहेर पडणाऱ्या 'शुद्ध' पाण्यात स्वीडनच्या योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांना लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडले, असे त्यांनी २००७ साली प्रसिद्ध केले. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. ते पाणी तेव्हा नक्कावागू ओढ्याने मांजरा नदीकडे जात असे, आणि ही मांजरा आमच्या बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात जन्म घेऊन पुढे गोदावरीला मिळणारी, म्हणजे माहेरची. कारखान्यांनी किती प्रतिजैविक सोडावे यावर मर्यादा घालणारा मसुदा केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये काढला. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम नियम निघाले तेव्हा त्या मर्यादा त्यात नव्हत्या. मसुदा आणि अंतिम प्रत यांत पडलेल्या ओळींना आमच्या खात्यात 'नजरचूक' म्हणत. ही नजर चुकली की चुकवली, हे सांगण्याचा अधिकार नक्कल-कारकुनाला कधीच नव्हता.

आम्हाला आपला खरा राग एकदाच आला, आणि तो प्राणहानीमुळे नव्हे, नामकरणामुळे. भारतात उपचार घेऊन परतलेल्या एका स्वीडिश रुग्णात २००८ साली सापडलेल्या, औषधांना निष्प्रभ करणाऱ्या वितंचकाला शोधकांनी नवी दिल्लीचे नाव दिले, एनडीएम-१. आणि त्यावरून देशाच्या अब्रूवर घाला पडल्याचा जो गदारोळ उठला तो पुष्कळ दिवस चालला. २०११ साली लंडनच्या नियतकालिकात दिल्लीतील पाण्याची तपासणी छापून आली, त्यात साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी दोनमध्ये त्या वितंचकाचे जनुक निघाले. नावाला हरकत होती, नळाला नव्हती. पुण्याचे भाग्य असे की आपल्यापैकी कोणाला पुण्याचे नाव मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही, अन्यथा त्याच्या शुद्धलेखनावर दोन तट पडून निदान चार व्याख्यानमाला झाल्या असत्या.

कौल नाकारल्यास अपील कोठे करावे, याचीही तजवीज मी करून ठेवली आहे, रागावू नये. १८९६ साली हँकिन या इंग्रज शास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू मरतात असे नोंदवले. आणि जिवाणू खाणाऱ्या विषाणूंना १९१७ साली द'हेरेल याने जीवाणुभक्षक असे नाव दिले. अपील करायचे ते याच विषाणूंकडे; ते आपल्याच पाण्यात, आपल्याच आळीत राहतात. मात्र चौकशीअंती असे कळते, की त्यांच्यातील काही आपल्याला खाता खाता आपल्या सनदांची नक्कल एका घरातून दुसऱ्या घरी पोचवतातही. म्हणजे वकील दोन्ही पक्षांचे वकीलपत्र घेऊन बसला आहे. तूर्त अपिलाचा विचार मी स्थगित ठेवतो.

सबब अर्जाच्या अटी अशा, की शस्त्रक्रियेपासून एकवीस दिवस आपण व आपल्या वंशजांनी माझ्या शिवणीस, मूत्रमार्गास आणि सलाईनच्या सुईच्या जागेस उपद्रव देऊ नये. मोबदल्यात मी वैद्याने लिहून दिलेली मात्रा पूर्ण दिवस घेईन आणि पडशासाठी आपल्या निर्वाहाची सोय करणार नाही. इतर रयतेसाठीही कौल मागावा असे मनात आले होते, कारण आपली ही नदी पुढे भीमेत, भीमा उजनीच्या धरणात आणि तेथून चंद्रभागा होऊन पंढरीच्या वाळवंटात जाते, आणि आषाढीला तेथे जे लाखो वारकरी ओंजळीने ते पाणी तोंडात घेतात त्यांच्यापैकी कोणी असा अर्ज केलेला नाही. परंतु एका अर्जात एकाच इसमाची मागणी असावी, असा नियम आहे. बहुत काय लिहिणे, लोभ असावा ही विनंती.

ता. क. — पाकीट शोधताना तो बिस्किटांचा डबा उघडला, तर त्यात मुदत संपलेल्या सहा गोळ्या निघाल्या. सवयीने मोरीपर्यंत गेलो, पाणीही सोडले. मग हात आखडला. औषधाच्या दुकानी नेल्या तर तेथील मुलगा हसून म्हणाला, "काका, परत नाही घेत, टाकून द्या की कुठेही." 'कुठेही' म्हणजे कोठे, हे त्याला विचारले तेव्हा त्याने नदीच्या दिशेने मान हलवली. गोळ्या तूर्त या अर्जाबरोबर, त्याच पाकिटात ठेवल्या आहेत. पाकीट अद्याप टपालात टाकलेले नाही.