नव्या घराची गळती : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन! ताबा मिळाला, वास्तुशांत झाली आणि पहिल्याच पावसात बेडरूमच्या भिंतीला ओल आली.

साहित्य : नोंदणीकृत करारनामा, ताबापत्र, तारखेसकट फोटो आणि शक्य तितके दीर्घायुष्य.

प्रथम भेगेचे दर्शन घडवावे. साइट इंजिनिअर येतो, भिंतीवर टिचकी मारतो आणि म्हणतो, ‘हेअरलाइन आहे साहेब, नवी बिल्डिंग थोडी बसतेच.’ कुठवर बसणार, हे विचारू नये. त्यालाही ठाऊक नसते. प्लास्टरवरच्या बारीक भेगा पुष्कळदा निरुपद्रवी असतात, हे मान्य. पण बीमवरची तिरकी भेग किंवा सळई गंजून स्लॅबचे पडलेले पोपडे यांच्यावर पुट्टी हा इलाज नव्हे, मेकअप आहे. इथे स्ट्रक्चरल इंजिनिअर आणावा, आणि तोही स्वखर्चाने. बिल्डरने धाडलेल्या तज्ज्ञाला ओली भिंतसुद्धा कोरडी लागते.

आता मुख्य कृती : वाट पाहणे. 2016 च्या रेरा कायद्यातले कलम 14(3) स्वच्छ आहे. ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा, कारागिरीचा किंवा दर्जाचा दोष निदर्शनास आणून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई द्यायची. बिल्डरनेही हे वाचलेले असते. म्हणूनच तो ‘नाही’ कधीच म्हणत नाही. आधी ‘पाऊस उघडू दे, केमिकल मारून देतो’, मग गणपती, मग दिवाळीला लेबर गावी गेलेले, मग मार्चअखेर, की आला पुन्हा पाऊस. स्वभावाने अतिशय गोड माणूस. चहाही पाजतो. फोनवरच्या या गोड होकारांचा पुरावा मात्र उरत नाही. तेव्हा चहा प्यावा आणि घरी येऊन ईमेल करावा, स्पीड पोस्टाने पत्र धाडावे, पोच जपावी.

दरम्यान बाथरूमच्या टाइल्स बदलण्याचा मोह आवरावा. बिल्डरच्या लेखी संमतीविना फेरफार केल्यास दोषाची जबाबदारी संपते, असे कलम अनेक करारनाम्यांत असते. सही करताना ते कोणी वाचत नाही. बिल्डरचा वकील मात्र नेमके तेच पान उघडतो.

मग महारेरा, म्हणजे याच कायद्याखालचे राज्याचे प्राधिकरण. तक्रार ऑनलाइन, शुल्क 5,000 रुपये. (ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे.) निकाल तुमच्या बाजूने लागला की पेढे वाटू नयेत. बिल्डर अपिलात जाऊ शकतो. मात्र तुम्हाला द्यायची रक्कम व्याजासकट आधी भरल्याशिवाय त्याचे अपील ऐकले जात नाही, ही कायद्यातली खरी सुंदर तरतूद. अपील नाही आणि पैसेही नाहीत, असे झाले तर वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल व्हायची असते. म्हणजे आता तहसील कचेरीच्या पायऱ्या. त्यासाठी प्रगत अभ्यासक्रम लागतो. नवशिक्यांनी तूर्त इथेच थांबावे.

फक्त एक करा : ताबापत्र कपाटातून काढून त्यावरची तारीख बघा. पाचवे वर्ष चालू असेल, तर पत्र आजच टाका.