मान वर करू नका

अमेरिकेतला पुतण्या दिवाळीला आला तेव्हा माझ्यासाठी गोल्फची एक सात नंबरची आयर्न आणि डझनभर चेंडू घेऊन आला. नियमानं पिशवीत चौदा काठ्या चालतात. मला एक मिळाली. "काका, रिटायर झालात, पोट सुटलंय. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला खेळून आला, तुम्ही निदान वावरात तरी जा." वावर दारव्ह्याच्या वाटेवर. सोयाबीन निघालेला एक तुकडा मोकळा, शेजारच्या तुकड्यात फुटलेली कपाशी. एवढ्या भांडवलावर आमचा गोल्फ सुरू झाला.

पहिला धडा पकडीचा. हॅरी व्हार्डनच्या नावानं ओळखली जाणारी पकड अशी, की उजव्या हाताची करंगळी डाव्या तर्जनीवर टेकवायची. आणि काठी कशी धरायची? चिमणीचं पिल्लू धरल्यासारखी, अलगद. पस्तीस वर्षं छडी धरलेल्या मास्तरच्या हाताला हे कुठून जमावं! पहिल्या दिवशी निदान तीस पिल्लं दगावली.

मग काखेत टॉवेल. दोन्ही काखांतून छातीवर आडवा टॉवेल दाबून धरायचा आणि अर्धाच स्विंग करायचा. टॉवेल पडला तर समजायचं, हात एकटेच पळाले, धड मागे राहिलं. मी खांद्यावरचा दुपट्टा वापरला. धुऱ्यावर बसलेला सालगडी बराच वेळ बघत होता. शेवटी उठून म्हणाला, "गुरुजी, आंग पुसाचं हाय तं पाणी आणू का जी?"

बेन होगननं 1957 च्या आपल्या पुस्तकात एक काच कल्पायला सांगितली आहे. चेंडूपासून निघून खांद्यांवर टेकलेली तिरपी काच, मधल्या भोकातून आपलं डोकं बाहेर. काठी मागं नेताना हात त्या काचेखालीच राहायला हवेत, नाहीतर काच फुटलीच. बायकोला हे समजावलं तर ती म्हणाली, "अहो, ती काच फुटायची तर फुटू द्या, पण हे घरात नका करू. टीव्ही कल्पनेतला नाही आपला."

पण खरं छळलं ते एका सूचनेनं: नजर चेंडूवर, मान वर करू नका. कोरडवाहू शेतकऱ्याला हे सांगायचं म्हणजे कमाल झाली. मृग लागल्यापासून आमची मान वरच असते. आधी ढग येतात का बघायचं, मग उघडीप होते का बघायचं, आणि बोंडं फुटली की आता ढग येऊ नयेत म्हणून बघायचं. मान खाली घालून उभं राहायचा आमचा सराव फक्त पीककर्जाच्या रांगेतला. यावर उपाय म्हणून कपाळ भिंतीला टेकवून नुसते खांदे फिरवायचे असतात. गोठ्याच्या भिंतीपाशी आठवडाभर ते केलं. कपाळाला चुना बघून दोघांनी विचारलं, कोणत्या देवाला जाऊन आलात?

आणि एका सकाळी खरंच लागला! काठीतून हाताला काही कळलंच नाही, नुसता टक् असा आवाज. अर्थात मी मान वर केली. चेंडू उंच गेला, वळला आणि कपाशीत उतरला. पुढचे अकराही त्याच वाटेनं गेले. पांढऱ्या कपाशीत पावणेदोन इंची पांढरा चेंडू शोधून बघा एकदा.

दुसऱ्या दिवशी वेचणीच्या बाया आल्या. दुपारी त्यांच्यातल्या म्होरकीनं हाक मारली, "गुरुजी, हे बोंड पाहा जी. फुटलंच नाही, अन् अळीनं किती भोकं पाडले!" चेंडूच्या अंगावरच्या त्या खळग्यांमुळे तो हवेत दूर जातो, हे मी तिला सांगायला गेलो. "काही सांगू नका," ती म्हणाली, "फवारा मारा."

संध्याकाळी काटा लागला. वेचणीची मजुरी किलोवर. नियमानं चेंडू जास्तीत जास्त 45.93 ग्रॅमचा, म्हणजे डझनाचे साडेपाचशे ग्रॅम. तिनं ओटीतल्या कापसातून एकेक करत बाराही काढले आणि काट्यावर ठेवले.

"हे कापसात नाही धरत," मी म्हणालो.

"वेचले तं आम्हीच नं जी?"

धरले. निघताना ती धुऱ्यावरून वळली. "उद्या पलीकडच्या तासांत टाका, गुरुजी. तिकडं बोंडं कमी हायेत."