कागद बाजूला ठेवा

जतला आमच्या गल्लीत कुणाच्या दारात पार्सल उतरलं की घरमालक चप्पल शोधेपर्यंत तात्या तिथं पोचलेले असतात. पार्सलवाला नवा असेल तर तो त्यांनाच मालक समजून ओटीपी मागतो, आणि तात्याही मोठ्या विश्वासानं चार आकडे सांगून टाकतात. चुकले तर पुन्हा दुसरे चार सांगतात. अंदाज हे त्यांचं आवडतं अवजार.

असा एक गृहस्थ गल्लीगल्लीला नेमून दिलेला असतो. मिरजेत असतो, आटपाडीत असतो, अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांतही तो असणार याबद्दल मला शंका नाही. त्याला ओळखायची खूण एकच. खोकं फोडल्यावर अगदी वरती जोडणीचा कागद निघतो. तो कागद हा माणूस सगळ्यांच्या आधी उचलतो आणि घडीही न मोडता खिडकीत ठेवून देतो. "कागद बाजूला ठेवा ओ. वस्तूच सांगती तिला कुठं काय बसवायचं ते."

तात्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. सगळी नोकरी नकाशांच्या गुंडाळ्या सांभाळण्यात गेली, त्यामुळं कागदावर काढलेलं आणि जमिनीवर झालेलं यांचं नातं जरा लांबचंच असतं, हे त्यांना आतून ठाऊक आहे. शिवाय कृष्णेचं पाणी म्हैसाळला उचलायचं, पंपामागून पंप लावून टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं आणि मिरज, कवठेमहांकाळ करत जतच्या माळावर आणायचं, असली कामं ज्यानं जवळून पाहिली त्याला कूलरचं स्टँड म्हणजे काय! कूलर ते उभ्या उभ्या जोडतात. गल्लीतल्या डॉक्टरांची ट्रेडमिलही त्यांनीच जोडली. तिच्यावर आता पापड वाळतात, पण पापड वाळायला ती एकदम भक्कम आहे. पलीकडच्या घरातली पोराची सायकल फक्त डावीकडं वळते. शाळा डावीकडंच असल्यानं अजून तक्रार आलेली नाही.

प्रत्येक जोडणीत थोडे स्क्रू उरतात. ते तात्यांच्या घरी डालड्याच्या जुन्या डब्यात जमा होतात. एखाद्या दुपारी ते डबा पालथा करून बसले की गल्लीचा इतिहासच समोर पसरतो. "हा कूलरचा. हा बालवाडीतल्या कपाटाचा. हे दोन पाळण्याचे." पाळण्याचे म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. तात्या त्याला धीर देतात, "आरं, कंपनी जास्तच देत असती. आपल्याला कळावं म्हणून."

तर अशा तात्यांची नात, चिऊ, डिसेंबरात पुण्याहून जतला आली. मार्गशीर्षातली यल्लम्मादेवीची जत्रा जवळ आलेली. पुण्यात कुठल्याशा मैत्रिणीकडं तिनं लाकडी किचन पाहिलं होतं. ओटा, सिंक, नळ, ओव्हन, वर शेल्फ, सगळं तिच्या छातीला लागेल एवढ्या उंचीचं. तिला तसंच हवं होतं. ही गोष्ट तिनं बापाला सांगितली असती तर तिथंच मिटली असती. तिनं आजोबांना सांगितली.

तात्यांनी आधी लाकडाचा विषय घेतला. फोनवर सावंतवाडी लागली, गोकाक लागलं. सावंतवाडीची चितार आळी, तिथली लाकडी फळं आणि खेळणी, त्याला लागणारं पांगाऱ्याचं हलकं लाकूड. गोकाकची रंगवलेली खेळणी, ते तर आपल्या हाकेच्या अंतरावर. मग चन्नपट्टण, तिथं लाकूड लेथवर फिरवून त्यावर लाखेचा रंग कसा चढवतात ते. तात्या हे सगळं चिऊला समजावून सांगत होते आणि ती पोरगी शहाण्यासारखी मान हलवून विचारत होती, "पण ओव्हन आहे का?"

ओव्हन कुठंच नव्हता. सावंतवाडीत भातुकली होती. पोळपाट, लाटणं, जातं, उखळ, बंब, आपल्या आज्यांच्या घरातलं सगळं बोटभर मापात. तात्यांना खरं तर तीच पाहिजे होती. पुण्याच्या विलास करंदीकरांनी भातुकलीचा केवढा संग्रह केलाय आणि त्याची प्रदर्शनं कशी भरतात, याचं कात्रण त्यांच्या पाकिटात होतं. ते त्यांनी चिऊला दाखवलं. चिऊनं फोटोतली ती चिमुकली भांडी पाहिली आणि म्हणाली, "ही ठेवायची कुठं? आधी ओटा पाहिजे ना." या मुद्द्यावर काकू, म्हणजे चिऊची आजी, आतून मोठ्यानं हसल्या. एवढं व्यवहारी वाक्य त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी बोललं असावं.

पुढं आयएसआयचा प्रश्न निघाला. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ते चिन्ह सक्तीचं झालंय, नोंदणी केलेल्या हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, हे तात्यांनी गल्लीला दोन संध्याकाळ ऐकवलं. तिसरी संध्याकाळ येऊ नये म्हणून असेल, पण तिकडं पुण्यात पोरानं फोनवर बोट ठेवून वस्तू मागवून टाकली.

खोकं आलं ते नेमकं जत्रेच्या गर्दीत. ट्रॅक्टर, टेम्पो, खिलार जनावरं यांतून वाट काढत पार्सलवाला घामाघूम होऊन पोचला. तात्यांनी बाजारातला खोंड पाहावा तसं ते खोकं पाहिलं. भोवती एक फेरी मारली, थाप मारली, एका कोपऱ्याला उचलून वजन घेतलं. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची सोय मात्र नव्हती. पैसे आधीच गेले होते, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

फळी बाहेर निघताच तात्यांनी नखानं खरवडली. "लाकडी म्हणं! भुसा हाय हा, डिंक घालून दाबलेला. झाड ह्यानं लांबनंच बघितलंय." तरीही वर गुळगुळीत पांढरा रंग होता, ओव्हनला पारदर्शक दार होतं, फिरणारी बटणं होती, ती फिरवली की टक् टक् वाजत होती. चिऊनं कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं, पण चित्रं कळत होती. "आजोबा, आधी हा माणूस हसतोय, मग ही फळी." तात्यांनी कागद प्रेमानं काढून घेतला आणि खिडकीत ठेवला.

फळ्यांवर अक्षरं होती आणि स्क्रूच्या पुड्यांवर आकडे. तात्यांनी काकूंची परात मागवली आणि सगळ्या पुड्या तिच्यात एकत्र ओतल्या. "कसं मोकळं दिसतंय बघ!"

अशा फर्निचरात एक गोल चकती असते. फळीतल्या भोकात ती बसवायची, समोरच्या फळीतल्या खिळ्याचं डोकं तिच्यात जाऊ द्यायचं आणि चकती अर्धी फिरवायची. ती तिरकी असल्यानं खिळा आत ओढला जातो आणि दोन फळ्या एकमेकींना घट्ट धरतात. छान युक्ती आहे. कागदावर ती बाणासकट काढलेली होती. तात्यांनी चकती पूर्ण फिरवली. फळ्या जवळ आल्या आणि पुन्हा लांब गेल्या. "नवीन हाय, सैल हुईल," म्हणत त्यांनी हातोडा मागितला.

एव्हाना गल्ली जमली होती. गल्ली म्हणजे गल्लीतले पुरुष. इथून पुढं जे झालं त्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. जमलेल्यांपैकी कुणीही उभ्या हयातीत कुकरची शिट्टी स्वतः लावलेली नव्हती. घरात साखर कुठल्या डब्यात असते हे एखाद्यालाच माहीत असावं. पण त्या कमरेएवढ्या स्वयंपाकघराभोवती बसून त्यांनी जी चर्चा केली, ती ऐकून एखादा वास्तुविशारद वही काढून बसला असता.

"सिंक शेगडीला चिकटून नसावं. पाणी उडतंय जाळावर."

"ओटा ठेंगणा हाय. बाईमाणसाची कंबर धरती."

"चिमणी न्हाय व्हय ह्याला? फोडणीचा धूर जाणार कुठं?"

"तोंड पूर्वेला करा आधी, बाकीचं मागनं बघू."

तोंड पूर्वेला करण्यात अर्धा तास गेला, कारण तेवढ्यात मागची फळी निसटली. आत खऱ्या ओट्यापाशी काकू चहाचं तिसरं आधण ठेवत होत्या. त्या ओट्याखालच्या कपाटाचं दार गेल्याच्या गेल्या दिवाळीपासून एका बिजागरीवर लोंबकळतंय. उघडू नये म्हणून काकूंनी त्याला जोंधळ्याचा डबा टेकवून ठेवलाय. चहासाठी साखर काढायची तर आधी डबा सरकवायचा, मग दार हातानं तोलून धरायचं, मग साखर. बाहेर त्या वेळी ओव्हनचं दार किती अंशात उघडावं यावर दोन तट पडले होते.

दार बसलं. उलटं बसलं. खालून वर उघडायच्या ऐवजी ते वरून सुटून धाडकन खाली यायचं. "परदेशात अशीच असत्यात," तात्या म्हणाले, आणि या बाबतीत ते बरोबर होते. चुकून का होईना, कागदातलं एक चित्र जुळलं.

मग नळाची पाळी आली. नळ लाकडाचा, मान वळणारा, रुबाबदार. चिऊनं तो फिरवला आणि वाट पाहिली. "पाणी येत नाही."

गल्ली क्षणभर शांत झाली आणि मग जे हशाचं वादळ उठलं ते समोरच्या घरातलं तान्हं पोर उठेपर्यंत थांबलं नाही. जतला नळ फिरवून पाणी न येणं याला कुणी खेळणं म्हणत नाही. 2022च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी आमच्या तालुक्यातल्या 40 गावांवर हक्क सांगितला आणि मुंबई-बेंगळुरूपर्यंत गदारोळ झाला, तो तरी मुळात कशावरून? पूर्व भागातल्या गावांनी कधीकाळी पाण्याच्या वैतागापायी ठराव केले होते त्यावरून. "कंपनीनं जतला येऊन माप घेतलेलं दिसतंय," कुणीतरी म्हणालं. तात्यांना मात्र हा विनोद लागला. पाणी हा त्यांच्या खात्याचा विषय. त्यांनी तिथंच पाहणी सुरू केली. शेल्फवर बाटली, तिथून सलाइनची नळी, उतार एवढा, वेग तेवढा. काकूंनी बाहेर येऊन, "त्या भुशाच्या फळ्यांवर पाणी पडलं तर फुगून पापड होतील," एवढंच सांगितलं आणि योजना प्रशासकीय मान्यतेच्या टप्प्यावरच थांबली. "आणि काय ओ, ह्यात भाकरी थापायची कुठं? काटवट तर मावत न्हाय." शाळूच्या मुलखातला हा प्रश्न त्या ओट्याचं चित्र काढणाऱ्याला सुचला नसणार.

संध्याकाळी किचन उभं राहिलं. किंचित विजापूरकडं झुकलेलं, पण उभं. डालड्याच्या डब्यात भर पडली. चिऊनं पदार्थ मांडले आणि सगळ्यांना कामं वाटली. मला वाटलं होतं ती स्वयंपाक करेल. पण पोरगी पुण्याची. तिच्या घरी फोन करतात आणि जेवण येतं. तिनं आजीला पाटावर बसवून हातात खोटा फोन दिला, गल्ल्यावर स्वतः बसली आणि आजोबांना ओट्यापुढं उभं केलं. ओट्याच्या उंचीमुळं तात्यांना गुडघ्यांवर यावं लागलं.

काकू चौकशी करून मागवणाऱ्यांतल्या नव्हत्या. "एक भाकरी, वांग्याची भाजी, आमटी. भाकरी पातळ पाहिजे."

तात्यांनी लाकडी तवा शेगडीवर ठेवला, लाकडी उलथनं उचललं आणि थांबले. "अगं, आधी पीठ का आधी पाणी?"

"वस्तूलाच इचारा की," काकू म्हणाल्या.

पदार्थ शेवटी पोचला. भाकरी म्हणून अर्धं लाकडी टोमॅटो आलं होतं. चिऊनं आजीपुढं पाटी धरली, "किती स्टार?"

काकूंनी टोमॅटो उलटसुलट करून पाहिलं. "ते आतलं दार बसवा म्हणावं आधी. मग सांगते."

तात्या गुडघे चोळत उठले. "त्या दाराला लागणारी बिजागरी इथं मिळत न्हाय," ते म्हणाले. "सांगलीला मिळती, पण ती हलकी. विजापूरलाच जायला पायजे एकदा."